प्लेटो: चंद्रावरचं काळं तळं

नवमीची संध्याकाळ, दादरमधल्या एका सोसायटीची गच्ची, पाण्याच्या टाकीशेजारी टेलिस्कोप लावलाय. चंद्राच्या उत्तरेकडं हा काळा डाग दिसतोय ना, तो प्लेटो, चंद्रावरचा एक मोठा खड्डा. चित्र थरथरतंय ते आपल्या दमट हवेमुळे, पण मुंबईच्या एवढ्या लाइटीतसुद्धा चंद्र बघता येतो, हे किती लोकांना माहितीये?

तो लांबट वाटतो कारण आपल्याला तिरका दिसतो, खरंतर गोलच आहे, आणि आरपार जवळपास 100 किलोमीटर, म्हणजे चर्चगेट ते विरार 60, त्याच्याही पार पुढे.

1647 च्या नकाशात हेवेलियस या खगोलशास्त्रज्ञानं याला मोठं काळं सरोवर म्हटलं. पाणी इथं कधीच नव्हतं, पण हा खड्डा भरलाय हे खरंय. लाव्हानं भरलाय.

झालं असं की साधारण 380 कोटी वर्षांपूर्वी इथं एक प्रचंड दगड अवकाशातून येऊन आदळला. खड्डा झाला तो आताच्या तळापेक्षा बराच खोल, आणि एवढ्या मोठ्या खड्ड्यात मधोमध सहसा डोंगर उभा राहतो, दणक्यानं दबलेली जमीन उसळून वर येते ना, तसा. इथं तो डोंगर शोधून सापडत नाही. कारण नंतर चंद्राच्या पोटात खडक वितळला आणि तडे गेलेल्या तळातून लाव्हा वर यायला लागला, चंद्रावरचा लाव्हा एकदम पातळ, त्यामुळे ढीग न होता पसरत गेला, थरावर थर चढले, डोंगर बुडाला, आणि राहिला हा गुळगुळीत तळ.

आता काठाकडं बघा. तिथले सुळके 2 किलोमीटरच्या आसपास उंच, आणि त्यांच्या या टोकदार सावल्या. तिथं आत्ता सकाळ होतेय.

तळ काळा का, तर बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा दगड, त्यात लोखंड भरपूर. 1969 ला अपोलो 11 नं चंद्रावरच्या दुसऱ्या एका मैदानातून आणलेल्या दगडांतही बेसाल्ट होता. आणि हा शॉट अंधेरीचा, गिल्बर्ट हिल. सरळ उभे काळे खांब, वर गावदेवीचं देऊळ. हापण बेसाल्टच, सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आपल्या लाव्हाचा. आजूबाजूचा दगड खणून नेला, बिल्डिंगा पायथ्याला टेकल्यात.

परत गच्चीवर. दोन तास झालेत, सुळक्यांच्या सावल्या आखूड झाल्यात.