विळा आणि गुलाब हाती घेतलेला संन्यासी

पोपांची संपूर्ण राजवस्त्रे ल्यालेली एक व्यक्ती, तिच्याजवळ अस्वलाची मादी आणि त्या मादीची पिले. चित्रासोबतचा लॅटिन मजकूर सुरू होतो तो या शब्दांनी: ‘दुष्ट वंश, पिले पोसणारी अस्वलीण’. इटलीत तेराव्या शतकाच्या अखेरीस वावरणाऱ्या कोणत्याही सुशिक्षित धर्मगुरूला हे चित्र कोणाचे आहे, ते सांगावे लागले नसते. १२७७ ते १२८० या काळात पोप असलेले निकोलस तिसरे हे रोमच्या ओर्सिनी घराण्यातले होते, त्या घराण्याच्या नावातच अस्वल होते आणि आपल्या नातेवाइकांना पदे व मालमत्ता मिळवून दिल्याबद्दल या पोपांची सर्वत्र निंदा होत असे. महाकवी दान्तेने त्यांना नरकात उलटे रोवलेले दाखवले आहे आणि ‘मी अस्वलिणीचा पुत्र, पिलांच्या भल्यासाठी हावरा झालो’ अशा आशयाची कबुली त्यांच्याच तोंडी घातली आहे.

हे चित्र ज्या संग्रहाचा प्रारंभ करते, त्याला ‘व्हातिचिनिया दे सुम्मिस पोन्तिफिचिबुस’, म्हणजे ‘सर्वोच्च धर्मगुरूंविषयीची भाकिते’, असे नाव आहे. पंधरा चित्रे, प्रत्येकाखाली एक ब्रीद आणि गूढ भाषेतला छोटा उतारा, एवढेच त्याचे स्वरूप. त्याचा मूळ साचा रोममध्ये घडलेला नव्हता. कॉन्स्टँटिनोपलमध्ये सम्राट लिओ सहावे, ज्यांना ‘ज्ञानी लिओ’ म्हणत, यांच्या नावावर काही सचित्र ग्रीक भाकिते प्रचलित होती आणि ती तिथल्या सम्राटांच्या वारसाक्रमाविषयी होती. ती इटलीत आली, लॅटिनमध्ये उतरली, आणि सम्राटांच्या जागी पोप बसवले गेले. भाकीत एका सिंहासनावरून उचलून दुसऱ्या सिंहासनावर ठेवता येते, ही गोष्ट या संग्रहाच्या जन्मातच आहे, आणि पुढची दोन-अडीचशे वर्षे तिचा पुन्हा पुन्हा प्रत्यय येत राहिला.

या लॅटिन संचाचे कर्तृत्व पुढे कालाब्रिआचे मठाधिपती फियोरेचे योआखिम यांच्या नावावर जमा झाले. ते खरे नव्हे, कारण योआखिम १२०२ मध्ये वारले होते. परंतु त्यांचे नाव का घेतले गेले, हे समजण्यासारखे आहे. जगाच्या इतिहासाची तीन युगे आहेत, पहिले पित्याचे, दुसरे पुत्राचे आणि येऊ घातलेले तिसरे पवित्र आत्म्याचे, अशी त्यांची मांडणी होती. मत्तयच्या शुभवर्तमानात अब्राहामापासून येशूपर्यंत बेचाळीस पिढ्या सांगितल्या आहेत. एका पिढीला तीस वर्षे धरली तर १२६० ही संख्या येते. म्हणून त्या साली नवे युग उगवेल, अशी त्यांच्या मागून आलेल्या अनेकांची समजूत झाली. १२६० साली पेरुज्यात स्वतःच्या पाठीवर चाबूक ओढत प्रायश्चित्त घेणाऱ्यांचे जथे निघाले. वर्ष सरले आणि जग होते तसेच राहिले. अपेक्षा मात्र विझली नाही. ती एका व्यक्तीवर केंद्रित झाली. ख्रिस्तसभेला दारिद्र्याकडे आणि शुद्धतेकडे परत नेणारा एक ‘देवदूतासमान पोप’ येणार आहे, अशी आशा विशेषतः फ्रान्सिस्कन पंथातील कडव्या अपरिग्रहवाद्यांनी जपली. संत फ्रान्सिस यांनी सांगितलेले दारिद्र्य अक्षरशः पाळावे, असा आग्रह धरल्याबद्दल या लोकांचा छळ होत होता, त्यांना तुरुंगात टाकले जात होते, आणि अनेक अभ्यासक या पंधरा चित्रांचा उगम याच वर्तुळात शोधतात.

त्यांची आशा एकदा प्रत्यक्षात उतरली, आणि ती कहाणी सावकाश सांगावी अशी आहे.

एप्रिल १२९२ मध्ये पोप निकोलस चौथे वारले. पोपची निवड करणारे वरिष्ठ धर्मगुरू, म्हणजे कार्डिनल, मूठभरच असणे, त्यांच्यातली घराण्यांची भांडणे, रोममधला उकाडा आणि साथ यांमुळे सत्तावीस महिने नवा पोप निवडला गेला नाही. अखेर ५ जुलै १२९४ रोजी पेरुज्यात त्यांनी ज्यांची निवड केली, ते कार्डिनल नव्हते. आब्रुझी प्रांतातील मोर्रोने डोंगरावर राहणारे, ऐंशी वर्षे ओलांडलेले तपस्वी पिएत्रो यांनी, निवडीला आणखी विलंब झाला तर देवाचा कोप होईल, असा इशारा कार्डिनलांना पाठवला होता. इशारा देणाऱ्यालाच गादीवर बसवण्यात आले. ते गाढवावर बसून लाक्विला नगरात आले तेव्हा नेपल्सचे राजे चार्ल्स दुसरे आणि त्यांचा पुत्र लगाम धरून चालत होते. २९ ऑगस्ट रोजी कोल्लेमाज्ज्योच्या चर्चमध्ये त्यांनी सेलेस्टीन पाचवे हे नाव धारण केले. त्यांनी त्या छळल्या गेलेल्या फ्रान्सिस्कनांना स्वतंत्रपणे राहण्याची मुभा दिली. वाट पाहणाऱ्यांना वाटले, तो हाच.

परंतु डोंगरातल्या गुहेत ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना दरबार चालवता आला नाही. एकच पद एकाहून अधिक जणांना दिले जाऊ लागले आणि राजाचे शब्द पोपांच्या तोंडून बाहेर पडू लागले. हे आपल्याला झेपणारे नाही, हे त्या वृद्धाला स्वतःला उमगले, आणि यात मला त्यांचा दुबळेपणा दिसत नाही, प्रामाणिकपणा दिसतो. १३ डिसेंबर १२९४ रोजी नेपल्समध्ये त्यांनी पदत्याग केला. अकरा दिवसांनी बोनिफेस आठवे पोप झाले, त्यांनी फ्रान्सिस्कनांना दिलेली मुभा रद्द केली आणि सेलेस्टीन यांना फुमोने येथील किल्ल्यात नजरकैदेत ठेवले. मे १२९६ मध्ये ते तिथेच वारले.

आता भाकितांच्या त्या संचाकडे परत पाहू. त्यात एक संन्यासी आहे, ज्याच्या एका हाती विळा आणि दुसऱ्या हाती गुलाब आहे. वाचकांनी त्याला सेलेस्टीन मानले. अस्वलिणीपासून इथपर्यंतचा क्रम निकोलस तिसरे यांच्यानंतरच्या पोपांशी बऱ्यापैकी जुळतो, आणि चौदाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांनंतर हा मेळ सुटतो. तिथून पुढच्या चित्रांत ओळखीची माणसे संपतात आणि देवदूतांच्या सान्निध्यातले, निष्कलंक पोप सुरू होतात. जाणकाराला एवढी खूण पुरते. जिथपर्यंत भाकीत अचूक आहे, तिथपर्यंत लेखकाने इतिहास पाहिलेला असतो. जिथे ते चुकू लागते, तिथे लेखकाचा वर्तमान असतो. आपल्याकडील वाचकाला ही रीत अपरिचित नाही. मत्स्य आणि वायू या पुराणांत सातवाहनांसह अनेक राजवंशांच्या याद्या ‘होतील, राज्य करतील’ अशा भविष्यकाळी क्रियापदांनी सांगितल्या आहेत, आणि त्या याद्या कोठे थांबतात यावरून पुराणांचा तो भाग कधी लिहिला गेला, याचा अंदाज इतिहासकार बांधतात.

देवदूतासमान पोप आले नाहीत. पोपांचे पीठच रोम सोडून फ्रान्सच्या सीमेवरील आव्हिन्यों येथे गेले. त्या शतकाच्या मध्यास याच धर्तीवर पंधरा चित्रांचा दुसरा संच तयार झाला, आणि त्याचीही सुरुवात निकोलस तिसरे यांच्यापासूनच होती. १३७८ मध्ये मोठी फूट पडली, एकाच वेळी दोन आणि १४०९ पासून तीन पोप एकमेकांना बहिष्कृत करू लागले, आणि कोणता पोप खरा, हा प्रश्न साध्या गावकऱ्यालाही भेडसावू लागला. ही फूट मिटवण्यासाठी १४१४ मध्ये कॉन्स्टान्स येथे धर्मपरिषद भरली. त्या सुमारास दोन्ही संच एकत्र बांधले गेले. नवा संच पुढे आणि जुना मागे, अशी ती बांधणी होती. या साध्या अदलाबदलीचा परिणाम फार मोठा झाला: जी चित्रे शंभर वर्षांपूर्वीच्या पोपांची होती, ती आता यायच्या पोपांची झाली. अस्वलीण पुन्हा मोकळी झाली, विळा-गुलाबवाला संन्यासीही पुन्हा मोकळा झाला.

त्याला नवा धनी मिळाला तो १५२७ मध्ये. न्यूरेंबर्गचे सुधारणावादी धर्मोपदेशक आंद्रेआस ओसिआंडर यांनी ही चित्रे पोपसत्तेविरुद्धचा पुरावा म्हणून छापली आणि त्यांना कवी हान्स झाक्स यांनी पद्ये जोडली. ओसिआंडर यांच्या वाचनात तो संन्यासी म्हणजे मार्टिन ल्यूथर. ल्यूथर संन्यासी होतेच, आणि त्यांच्या मुद्रेवर गुलाब होता. ज्या चित्रात एकेकाळी छळल्या गेलेल्या फ्रान्सिस्कनांना आपला संत पोप दिसला, त्याच चित्रात आता पोपपदाचा उच्छेद करणारा दिसू लागला. चित्रातली एक रेघही बदलावी लागली नव्हती.

यानंतर येते ते आज सर्वांत प्रसिद्ध असलेले भाकीत, जे मध्ययुगाचे नाव सांगते आणि मध्ययुगातले नाही. १५९५ मध्ये व्हेनिस येथे आर्नल्ड व्हिऑन या बेनेडिक्टाइन संन्याशाचा ‘लिग्नुम व्हिते’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात आयर्लंडचे आर्चबिशप संत मलाकी यांच्या नावावर एकशे अकरा छोटी लॅटिन ब्रीदे आणि शेवटी एक परिच्छेद दिलेला आहे. ही मालिका ११४३ मध्ये निवडले गेलेले सेलेस्टीन दुसरे यांच्यापासून सुरू होते. मलाकी ११४८ मध्ये क्लेरव्हो मठात वारले, तेव्हा संत बर्नार्ड त्यांच्याजवळ होते. बर्नार्ड यांनी त्यांचे चरित्र लिहिले, मलाकींनी स्वतःच्या मृत्यूचे स्थळ आणि दिवस आधीच सांगितला होता, हेदेखील आवर्जून नोंदवले. पोपांच्या भाकितांचा मात्र त्यात एक शब्द नाही. १५९५ पूर्वीच्या कोणत्याही ग्रंथात त्यांचा उल्लेख सापडलेला नाही.

आतील पुरावा त्याहून बोलका आहे. ११४३ पासून १५९० पर्यंतची ब्रीदे आश्चर्य वाटावे इतकी नेमकी आहेत. आड्रियन चौथे हे एकमेव इंग्रज पोप, सेंट ऑल्बन्स परिसरातले. त्यांचे ब्रीद ‘शुभ्र ग्रामातून’, कारण लॅटिनमध्ये ‘आल्बुस’ म्हणजे पांढरा. पिकोलोमिनी घराण्यातील पायस तिसरे यांना ‘लहान माणसापासून’, म्हणजे आडनावाचीच फोड. कालिस्टस तिसरे यांना ‘चरणारा बैल’, कारण बोर्जा कुळाच्या चिन्हावर बैल आहे. इतकेच नव्हे, तर १५५७ मध्ये ओनोफ्रिओ पान्व्हिनिओ यांनी छापलेल्या पोपांच्या इतिहासात ज्या चुका आहेत, त्यांतल्या काही या ब्रीदांतही उतरल्या आहेत. चारशे वर्षे आधीच्या संताने सोळाव्या शतकातल्या मुद्रित पुस्तकाच्या चुका कराव्यात, हे संभवत नाही.

मग हा मजकूर कशासाठी रचला गेला असेल? सप्टेंबर १५९० मध्ये पोप अर्बन सातवे निवडीनंतर तेराव्या दिवशी वारले आणि नव्या निवडीसाठी कार्डिनल डिसेंबरपर्यंत बंद दारांआड होते. त्या काळी पोप कोण होणार यावर रोममध्ये उघड पैजा लागत. अर्बन यांच्यानंतरचे ब्रीद आहे ‘नगराच्या प्राचीनतेतून’. ओर्विएतो या नगराचे लॅटिन नाव ‘जुने नगर’ असे आहे, आणि जिरोलामो सिमोन्चेल्ली हे ओर्विएतोचे कार्डिनल त्या निवडणुकीत होते. त्यांच्या बाजूने वजन पडावे म्हणून हे ब्रीद रचले असावे, असा तर्क जुना आहे, आणि मला तो पटतो. निवडून आले ते मिलानचे ग्रेगरी चौदावे, आणि त्यांनी मार्च १५९१ मध्ये पोपांच्या निवडीवर पैज लावणाऱ्यांना बहिष्काराची शिक्षा फर्मावली. १६८९ मध्ये क्लोद-फ्रान्स्वा मेनेत्रिए या जेझुइट विद्वानाने ही ब्रीदे बनावट असल्याचे सविस्तर दाखवून दिले.

१५९० नंतरची ब्रीदे सैल होतात, ओढूनताणून बसवावी लागतात. ‘न शमणारे श्वापद’ हे ब्रीद वाट्याला आले ते काटकसरी आणि विरक्त इनोसंट अकरावे यांच्या, ज्यांना १९५६ मध्ये ‘धन्य’ घोषित करण्यात आले. कधी योग जुळूनही येतो. पहिल्या महायुद्धाच्या काळातील बेनेडिक्ट पंधरावे यांना ‘ओसाड झालेला धर्म’ हे ब्रीद लागू पडते. डिसेंबर १९६४ मध्ये युकॅरिस्टिक काँग्रेस या कॅथलिकांच्या आंतरराष्ट्रीय धर्ममेळाव्यासाठी मुंबईला आलेले पोप पॉल सहावे यांचे ब्रीद ‘फुलांचे फूल’ होते आणि त्यांच्या मानचिन्हावर तीन लिलीची फुले होती. शंभराहून अधिक अस्पष्ट शब्दबंध आणि तितकीच दीर्घ चरित्रे शेजारी ठेवली, तर काही जोड्या जुळणारच. तरीही कठीण काळात जगणाऱ्याला अशी जोडी दिसली की त्याला धीर येतो, आणि त्या धीराची टवाळी करावी असे मला वाटत नाही.

बेनेडिक्ट सोळावे हे त्या गणनेत एकशे अकरावे. एप्रिल २००९ मध्ये भूकंपाने उद्ध्वस्त झालेल्या लाक्विला नगरात जाऊन त्यांनी सेलेस्टीन पाचवे यांच्या समाधीवर आपले पॅलियम, म्हणजे पदाचे खांद्यावरचे लोकरी वस्त्र, ठेवले होते. फेब्रुवारी २०१३ मध्ये त्यांनी स्वतःच पदत्याग जाहीर केला. त्यांच्यानंतर यादीत एकच परिच्छेद उरला होता. अखेरच्या छळाच्या काळात ‘रोमचा पीटर’ गादीवर असेल, अनेक संकटांत तो आपल्या मेंढरांना चारेल, मग सात टेकड्यांचे नगर नष्ट होईल आणि भयंकर न्यायाधीश आपल्या लोकांचा न्याय करील, असे त्यात म्हटले आहे. आले ते ब्युनोस आयर्सचे कार्डिनल, आणि त्यांनी फ्रान्सिस हे नाव घेतले. असिसीच्या संत फ्रान्सिस यांच्या वडिलांचे नाव पिएत्रो होते, असे सांगून काहींनी तेही जुळवून पाहिले.

२१ एप्रिल २०२५ रोजी पोप फ्रान्सिस यांचे निधन झाले. ७ मे रोजी सिस्टीन चॅपेलमध्ये १३३ कार्डिनल गेले. त्यांत भारताचे चार होते, आणि त्या चौघांत गोवा व दमणचे आर्चबिशप फिलिप नेरी फेर्रांव होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पांढरा धूर दिसला आणि लिओ चौदावे यांचे नाव जाहीर झाले. व्हेनिसला छापलेल्या त्या यादीत या नावासाठी ओळ नाही. न्यायाधीशाच्या वाक्यानंतर तिथे ‘फिनिस’, म्हणजे ‘समाप्त’, एवढाच शब्द आहे.