रिक्षा दुपारी चार्ज करा (सोलापूर) – व्हिडिओचं निवेदन

(दृश्य: रात्र. गल्लीच्या तोंडाशी डीपी. आवाज तसाच ठेवायचा.)

हा डीपी बघा, म्हणजे गल्लीला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर आणि त्याचा फ्यूज बॉक्स. जुळे सोलापूर, मे महिना, रात्रीचे साडेनऊ. जवळ गेलं की जी घूं घूं ऐकू येते ना, ती आतल्या ट्रान्सफॉर्मरची आहे, त्यामुळे इथं मागे म्युझिक लावलेलं नाही. बॉडीवर तेलाचे ओघळ, बॉक्सचं दार तारेनं बांधलेलं, आत किटकॅट फ्यूज (लोड वाढला की ज्यातली तार वितळून वीज तुटते ते), त्यातल्या एकात नेहमीपेक्षा जाड तार घातलेली, कारण बारीक तार सारखी उडते. गल्लीतले सगळे एसी आत्ता चालू आहेत, आणि आता कॅमेरा वर जातोय तिकडं बघा, दुसऱ्या मजल्यावरून एक वायर गॅलरीतून खाली सोडलीय, ती स्कूटरला. त्याच्या पलीकडे खिडकीतून आलेली वायर रिक्षाला. आणि त्या गेटच्या आत कार, तिचा चार्जर भिंतीवर बसवलाय.

तिन्ही गाड्या इलेक्ट्रिक, पण तिन्हींचा लोड सारखा नाही, आणि गोंधळ नेमका इथंच होतो. स्कूटरचा चार्जर साधारण सातशे वॅट घेतो, म्हणजे तुमच्या इस्त्रीपेक्षा कमी. स्कूटरला घाबरायचं काही कारणच नाही. रिक्षाच्या बॅटरीत सात-आठ युनिट मावतात, 15 अँपियरच्या प्लगवर तीन-चार तासांत ती भरते, म्हणजे तेवढा वेळ दोन किलोवॅटच्या आसपास लोड, एका मोठ्या एसीएवढा. कार साध्या प्लगवर असेल तर तीन-सव्वातीन किलोवॅट, आणि भिंतीवरच्या चार्जरला 7.2 किलोवॅट. आता हा डीपी 100 केव्हीएचा आहे, प्लेटवर लिहिलंय, वाचता येतंय बघा. म्हणजे धरून चाला 90 किलोवॅट. अशा दहा कार एकाच वेळी लागल्या की 72 किलोवॅट तिथंच गेले, आणि घरांचे एसी, फ्रीज, पंखे, मोटारी अजून मोजायच्याच आहेत.

(दृश्य: पहाट, होटगीच्या बाजूनं एनटीपीसीची चिमणी. मग शेतातून गेलेले टॉवर, ड्रोन.)

या वायरीत वीज येते कुठून ते उलटं मागं जाऊन बघू, कारण सोलापूरकरांना रोज दिसणारी ही चिमणी आणि हे टॉवर नेमकं काय करतात हे फारसं कुणी सांगत नाही.

दक्षिण सोलापुरात फताटेवाडी-आहेरवाडीला एनटीपीसीचं, म्हणजे केंद्र सरकारच्या वीज कंपनीचं, वीजकेंद्र आहे, 660 मेगावॅटचे दोन संच, एकूण 1320 मेगावॅट. पहिला संच 2017 मध्ये सुरू झाला, दुसरा 2019 मध्ये. कोळसा रेल्वेनं येतो, पाणी उजनीचं. ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही त्या शहराच्या शेजारी उजनीचंच पाणी वाफ होऊन टर्बाइन फिरवतं, हे चार्जिंगच्या गप्पांत लक्षात ठेवायला हवं असं मला वाटतं. आणि ही वीज फक्त सोलापूरची नाही, बाकीच्या राज्यांचाही त्यात वाटा आहे.

आणि हे टॉवर. हे साधेसुधे नाहीत. 765 केव्हीची, म्हणजे 7 लाख 65 हजार व्होल्टची रायचूर–सोलापूर लाईन, दोनशे किलोमीटरच्या वर लांब. 31 डिसेंबर 2013 ला ती चालू झाली आणि त्या दिवशी दक्षिण भारताचं ग्रिड, म्हणजे विजेच्या लाईनींचं जाळं, बाकीच्या देशाच्या ग्रिडला पहिल्यांदा एका ठेक्यात जोडलं गेलं. त्याआधी दक्षिणेची फ्रिक्वेन्सी, म्हणजे विजेचा सेकंदाला पडणारा ठेका, वेगळी चालायची, मधे डीसी (एकाच दिशेनं वाहणाऱ्या विजेच्या) लाईनी टाकून वीज इकडून तिकडं न्यावी लागायची. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत सगळी जनरेटर 50 हर्ट्झवर (सेकंदाला 50 ठेके) बरोबर फिरायला लागली ती आपल्या सोलापूरच्या सबस्टेशनमधून. एवढी मोठी गोष्ट आपल्या गावात झाली आणि आपल्या पोरांना शाळेत कुणी सांगितली नाही, म्हणून इथं जरा जास्त वेळ थांबलो.

ग्रिडचा नियम एकच आहे, जेवढी वीज लोक वापरतायत तेवढीच त्याच क्षणी तयार व्हायला पाहिजे. वापर वाढला आणि तयार कमी झाली की फ्रिक्वेन्सी 50 च्या खाली सरकते, ती सांभाळायला नवी मुंबईत ऐरोलीला राज्याचं भार प्रेषण केंद्र (विजेची मागणी आणि पुरवठा जुळवणारं) चोवीस तास बसलेलं असतं. दिवसा सोलर भरपूर असतं. सूर्य मावळायला लागला की ते सगळं तासा-दोन तासांत जातं, आणि नेमकं तेव्हाच आपण घरी येऊन एसी लावतो, टीव्ही लावतो, गाडी चार्जिंगला लावतो, मग कोयनेचं पाणी सोडा, कोळशाचे संच वर न्या अशी धावपळ सुरू होते.

तरी पण मोठ्या ग्रिडला रिक्षा जड नाहीत. हिशोब सोपा आहे. समजा सोलापुरात दहा हजार इलेक्ट्रिक रिक्षा आहेत आणि सगळ्या एकाच मिनिटाला चार्जिंगला लावल्या, तर 20 मेगावॅट. समोरच्या चिमणीच्या 1320 पुढं दीड टक्का. म्हणून ईव्ही आल्या की देश अंधारात जाणार वगैरे जे म्हणतात ते तितकं खरं नाही.

मग अडतं कुठं? अडतं शेवटच्या टप्प्यावर. 765 केव्हीचं 400, 400 चं 220, मग 132, मग 33, मग 11 केव्ही म्हणजे 11 हजार व्होल्ट, आणि 11 हजारांचं आपल्या घरचं 230 करतो तो गल्लीतला डीपी. वरचे सगळे मोठे आहेत, त्यांच्यावर स्क्रीनवर कुणीतरी लक्ष ठेवून असतं. या डीपीकडे वायरमन येतो तो बहुतेक वेळा लाईट गेल्यावरच.

(दृश्य: दुरुस्तीसाठी उघडलेला ट्रान्सफॉर्मर, कॉइल, कागद, काळं पडलेलं तेल.)

हे त्याचं आतडं. तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची कॉइल, तिच्यावर गुंडाळलेला कागद, आणि सगळं तेलात बुडवलेलं. तेल उष्णता बाहेर नेतं, कागद कॉइलला कॉइलपासून वेगळं ठेवतो. लोड वाढला की कॉइल तापते, कागद तापतो, आणि ठरलेल्या तापमानाच्या वर दर सहा-सात अंशाला कागदाचं आयुष्य निम्मं होतं. ट्रान्सफॉर्मर जळतो त्या रात्री तो अचानक जळालेला नसतो, त्याच्या आधीच्या कित्येक रात्री कागद करपत आलेला असतो. पूर्वी रात्री अकरानंतर लोड उतरायचा, डीपी थंड व्हायचा, तो त्याचा आराम होता. सोलापुरात मे महिन्यात दिवसा 43-44 आणि रात्रीही भिंती तापलेल्याच, आता एसी पहाटेपर्यंत, वर रात्रभर चार्जिंग, म्हणजे आराम संपला.

अजून एक गोष्ट, वायरमन लोकांना माहीत असते पण बोलली जात नाही. डीपीतून विजेच्या तीन वेगळ्या तारा निघतात, त्या तीन फेज. घरातला चार्जर बहुतेक वेळा त्यातल्या एकाच तारेवर, म्हणजे सिंगल फेजवर असतो. गल्लीतले सगळे चार्जर योगायोगानं एकाच फेजवर आले तर ती फेज ओढली जाते, न्यूट्रलमधून (करंट परत नेणाऱ्या तारेतून) जास्त करंट वाहतो, आणि न्यूट्रलचा जोड ढिला असला तर काही घरांत लाईट डिम आणि शेजारच्या घरात व्होल्टेज एवढं चढतं की टीव्ही, फ्रीज जळतो.

ट्रान्सफॉर्मर गेला की गल्ली अंधारात, पाण्याची मोटर बंद, म्हातारी माणसं गच्चीवर, नवीन येईपर्यंत असंच.

(दृश्य: पूर्व भाग. यंत्रमागाचा आवाज, टॉवेलचे ताके. मग दुपारचा रिक्षा स्टॅण्ड.)

पूर्व भागात चित्र वेगळं आहे. इथं घर आणि माग एकाच लाईनीवर, खट खट दिवसभर, त्यामुळे इथला डीपी दिवसाच भरलेला. म्हणून अख्ख्या सोलापूरला एकच नियम लावता येणार नाही, गल्लीगल्लीचा लोड बघावा लागेल.

पण हे बघा. स्टेशनबाहेर, दुपारचे दोन. रस्त्यावर माणूस नाही. लिंबाच्या सावलीत रिक्षा लागल्यात, काका लोक मागच्या सीटवर पाय वर घेऊन आडवे झालेत. एक ते चार गिऱ्हाईक नसतं, हे सोलापूरच्या कुठल्याही रिक्षावाल्याला विचारा. आणि या तीन तासांत वरून सोलरही भरपूर तयार होत असतं. रिक्षाला भरायला लागतात तीन-चार तास. गाडी उभी, माणूस मोकळा, वीज भरपूर, फक्त इथं प्लग नाही. म्हणून हेच काका रात्री भाड्याच्या खोलीत जाऊन, घरमालकाची बोलणी खात, खिडकीतून वायर टाकतात, आणि पावसाळ्यात तीच वायर ओल्या रस्त्यावरून जाते. हा सगळा व्हिडिओ मी या एका गोष्टीसाठी केलाय: स्टॅण्डवर दुपारचं चार्जिंग द्या.

पैशाचा हिशोबही त्याच बाजूनं आहे. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयानं सप्टेंबर 2024 मध्ये चार्जिंग स्टेशनसाठी गाइडलाइन काढल्या, त्यात सकाळी 9 ते दुपारी 4 या वेळेत वीज पुरवठ्याच्या सरासरी खर्चाच्या 0.7 पट दरानं आणि बाकीच्या वेळी 1.3 पट दरानं द्यावी असं सुचवलंय. महावितरणकडे जुलै 2025 पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 च्या वापरावर युनिटमागे 80 पैशांपासून सवलत आहे. म्हणजे सरकार स्वतःच सांगतंय दिवसा भरा. पण दिवसा रिक्षा घरी नसते ना, स्टॅण्डवर असते.

सावली मात्र लागेलच. लिथियमची बॅटरी 45 अंशाच्या वर तापली की तिचा कंट्रोल स्वतःच चार्जिंग कमी करतो किंवा थांबवतो, आणि मे महिन्यात डांबरी रस्त्यावर उन्हात उभ्या रिक्षाला तेवढं व्हायला वेळ लागत नाही. त्यामुळे नुसता खांब रोवून भागणार नाही, वर शेड पाहिजे, शेडवर पॅनल टाकले तर अजून बरं. आणि दहा रिक्षांचा लोड 20 किलोवॅट, तो गल्लीच्या डीपीवर न टाकता थ्री फेज कनेक्शन घेऊन तिन्ही फेजवर सारखा वाटायचा.

शहरांना इलेक्ट्रिक बस देणाऱ्या केंद्राच्या पीएम ई-बस सेवा योजनेत सोलापूरचंही नाव आहे. बसचे चार्जर शेकडो किलोवॅटचे असतात, त्यांना स्वतःची 11 किंवा 33 केव्हीची लाईन लागते, तो विषय वेगळा.

(दृश्य: स्टॅण्डवर जमलेले रिक्षाचालक, हातात कागद.)

स्टॅण्डवरच्या चार्जिंगसाठी विजेचं मीटर कुणाच्या नावावर घ्यायचं, हा प्रश्न शूटिंगच्या वेळी सगळ्यांनी विचारला, कारण वीज विकायला लायसन्स लागतं असं लोकांना वाटतं. तर नाही लागत. एप्रिल 2018 मध्येच केंद्रानं स्पष्ट केलंय की चार्जिंग ही सेवा आहे, वीजविक्री नाही, त्यामुळे चार्जिंग स्टेशनला लायसन्सची अट नाही. रिक्षा संघटना स्वतःच्या नावानं ईव्ही चार्जिंगचं कनेक्शन मागू शकते. जागा महापालिकेची, ती मागायचा अर्ज या कागदावर आहे, खाली सह्या चालू आहेत, आणि ज्या स्टॅण्डवर आधी लिंबाची झाडं आहेत त्यांची नावं यादीत वर घातलीत.