एकच गेम, चार दुकानं: मॅकसाठी कुठून घ्यावा?

मंडळी, सायबरपंक २०७७ हा गेम मॅकवर १७ जुलै २०२५ ला आला. स्टीम, जीओजी, एपिक आणि ॲपलचं स्वतःचं मॅक ॲप स्टोअर, अशा चार दुकानांत. पहिल्या तीन दुकानांपैकी कुठूनही ज्यांनी तो आधी विंडोजसाठी घेतला होता, त्यांना मॅकची आवृत्ती त्याच पैशांत मिळाली. ॲप स्टोअरमधून घ्यायचा तर नव्याने पूर्ण पैसे. आणि उद्या घरात विंडोजचा पीसी आला, तर ॲप स्टोअरची प्रत त्यावर चालणार नाही. फरक जागेतही आहे. इतर दुकानांत हा गेम सुमारे ९२ जीबी घेतो, ॲप स्टोअरमध्ये १५९ जीबी, कारण तिथे सगळ्या भाषांतले संवाद एकाच गठ्ठ्यात येतात. मॅकबुक एअर २५६ जीबीचा असेल, तर गेम बसणार की नाही हे दुकानावरच ठरतं.

म्हणून मला सांगायचंय ते आधीच सांगतो. दुकान निवडताना किंमत सगळ्यात शेवटी बघा. आधी बघा की ही प्रत पुढे कोणकोणत्या यंत्रांवर आणि किती वर्षं चालेल. एका दुकानात घेतलेली प्रत दुसऱ्या दुकानात हलवता येत नाही. मूळ गेम ॲप स्टोअरमधून घेतला आणि त्याचा वाढीव भाग स्टीमच्या सेलमध्ये स्वस्त दिसला म्हणून घेतला, तर तो वाढीव भाग वाया गेला समजा. मूळ गेम स्टीमवर नसेल तर तो चालतच नाही. असे पैसे सहज जातात, कारण दोन्हीकडे नाव तेच आणि चित्रही तेच.

‘किती वर्षं’ हा प्रश्न मॅकवाल्यांनी फार गंभीरपणे घ्यायला हवा. ऑक्टोबर २०१९ मध्ये मॅकओएस कॅटालिना आली आणि ३२-बिट, म्हणजे जुन्या पद्धतीने बनवलेले प्रोग्राम कायमचे बंद झाले. विकत घेतलेले कितीतरी गेम्स एका अपडेटनंतर उघडेनासे झाले. पुढचं वळणही आता समोर दिसतंय. नोव्हेंबर २०२० मध्ये इंटेलऐवजी ॲपलची स्वतःची एम१ चिप आली (या घराण्याच्या चिप म्हणजे ॲपल सिलिकॉन), तेव्हापासून इंटेलसाठी लिहिलेले गेम्स रोझेटा २ या दुभाष्यामार्फत चालतात. जून २०२५ मध्ये ॲपलने जाहीर केलं की रोझेटा मॅकओएस २७ पर्यंत पूर्ण मिळेल, त्यानंतर देखभाल थांबलेल्या जुन्या गेम्सपुरता त्याचा काही भाग ठेवला जाईल. म्हणजे आज घेताना ‘ॲपल सिलिकॉनसाठी बनवलाय का’ हे विचारलंच पाहिजे.

हे तपासायचं कसं? स्टीमच्या पानावर ॲपलचं चिन्ह दिसलं की लोक निश्चिंत होतात. ते चिन्ह एवढंच सांगतं की मॅकची आवृत्ती आहे. खाली सिस्टिम रिक्वायरमेंट्समध्ये मॅकओएसचा टॅब उघडा. प्रोसेसरपुढे एम१ किंवा त्यापुढची चिप लिहिली असेल तर ठीक. फक्त इंटेलचं नाव असेल तर गेम बहुधा रोझेटावर चालणार. गेम उतरवून झाल्यावर खात्री करायची असेल, तर स्टीमच्या लायब्ररीत नावावर उजवी क्लिक, मॅनेज, ब्राउझ लोकल फाइल्स. जी ॲपची फाइल दिसेल ती निवडून कमांड-आय दाबा आणि ‘काइंड’ची ओळ वाचा. तिथे ॲपल सिलिकॉन किंवा युनिव्हर्सल (दोन्ही चिपांसाठी) असेल तर उत्तम. इंटेल असेल तर त्या गेमचं आयुष्य मोजलेलं आहे, आणि मग पूर्ण किंमत देऊन तो घेण्यात अर्थ नाही.

आता जीओजी. मॅकवाल्यांकडून या दुकानाकडे दुर्लक्ष होतं, आणि मला ते मनापासून खटकतं. इथल्या गेम्सना कुलूप नसतं, म्हणजे चालवताना दुकानाची परवानगी लागत नाही. खात्यात लॉगिन करून ऑफलाइन इन्स्टॉलर उतरवायचा, बाहेरच्या डिस्कवर ठेवायचा, की पुढे इंटरनेट नको आणि जीओजीचं ॲपही नको. याचा उपयोग काय, तर घरात मोजावेवर, म्हणजे कॅटालिनाच्या आधीच्या मॅकओएसवर अडकलेला एखादा जुना आयमॅक असेल, त्यावर स्टीमचं ॲप फेब्रुवारी २०२४ पासून चालत नाही. विकत घेतलेले ३२-बिट गेम्स चालवू शकणारं यंत्र समोर आहे, पण दुकानाचं दारच उघडत नाही. जीओजीचा इन्स्टॉलर जपून ठेवलेला असेल तर तोच आयमॅक आजही उपयोगी आहे. दोन गोष्टी मात्र सांभाळा. गेमच्या दुरुस्तीचा नवा पॅच आला की साठवलेला इन्स्टॉलर आपोआप बदलत नाही, तो पुन्हा उतरवावा लागतो. आणि स्टीमवर मॅकची आवृत्ती आहे म्हणजे जीओजीवर असेलच असं नाही. प्रत्येक गेमच्या पानावर ॲपलचं चिन्ह बघूनच पैसे भरा. जुना इन्स्टॉलर उघडताना मॅकने अडवलं, तर सिस्टिम सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, तिथे खाली ‘ओपन एनीवे’. उजव्या क्लिकची जुनी युक्ती मॅकओएस सेकोयापासून (मॅकओएस १५) बंद झाली आहे.

मग ॲप स्टोअरमधून घ्यावंच कधी? एक, जेव्हा गेम युनिव्हर्सल पर्चेस, म्हणजे एका खरेदीत ॲपलच्या अनेक यंत्रांवर मिळणारा असेल. डेथ स्ट्रँडिंगची डायरेक्टर्स कट आवृत्ती तशी आहे; एकदा पैसे भरले की मॅक, आयपॅड आणि आयफोन तिन्हीवर मिळते, अर्थात चिप पुरेशी ताकदवान असेल तर. विरार ते चर्चगेट बसायला जागा मिळालीच तर फोनवर खेळायचं आणि घरी येऊन मॅकवर तिथूनच पुढे, ही सोय स्टीम देत नाही. दोन, जेव्हा गेम फक्त तिथेच असेल. तीन, घरात खेळणारे अनेक असतील तेव्हा.

घराचा हा मुद्दा नीट समजून घ्या. ॲपलच्या फॅमिली शेअरिंगमध्ये सहा जण येतात, आणि शेअर करता येणारा गेम प्रत्येक जण आपापल्या यंत्रावर एकाच वेळी खेळू शकतो. गेमच्या आतली खरेदी मात्र शेअर होतेच असं नाही. स्टीम फॅमिलीजमध्येही सहा जण, पण एका प्रतीवर एका वेळी एकच खेळाडू. ताई खेळत असेल तर दादाला दुसरा गेम उघडावा लागतो. आणि पालकांनी हे लक्षात ठेवावं की मुलाने तुमच्या प्रतीवर ऑनलाइन खेळताना फसवणूक केली आणि त्याच्यावर बंदी आली, तर त्या गेममध्ये तुमच्यावरही येते.

ऑनलाइन मित्रांबरोबर खेळायचं असेल, तर मित्र ज्या दुकानात आहेत तिथूनच घ्या. ॲप स्टोअरच्या प्रती बऱ्याचदा ॲपलच्या गेम सेंटर या सेवेवरून जोडल्या जातात आणि स्टीमवाल्यांशी त्यांची गाठ पडत नाही. मॉड, म्हणजे खेळाडूंनी गेममध्ये केलेले बदल, वापरायचे असतील तरी स्टीम किंवा जीओजी. ॲप स्टोअरचं ॲप बंदिस्त चौकटीत चालतं, तिथे फाइल्समध्ये हात घालायला फारसा वाव नाही.

डिस्कबद्दल. स्टीममध्ये सेटिंग्ज, स्टोरेज इथे बाहेरची एसएसडी जोडून गेम तिच्यावर ठेवता येतो. ती एपीएफएस या ॲपलच्या डिस्क-प्रकारात फॉरमॅट करा. यादीत ‘केस-सेन्सिटिव्ह’ असाही प्रकार दिसतो, तो निवडू नका, स्टीमचं त्याच्याशी जमत नाही. ॲप स्टोअरमध्ये ही सोय मॅकओएस १५.१ पासून आली, तीही १ जीबीपेक्षा मोठ्या ॲप्सनाच. मॅकओएस १५ च्या आधी तर गेमच्या जवळपास दुप्पट जागा मोकळी लागायची, आणि ‘जागा आहे तरी इन्स्टॉल का होत नाही’ या तक्रारीचं मूळ तेच होतं. टाइम मशीन हा मॅकचा बॅकअप वापरत असाल तर स्टीमचे गेम्स जिथे साठतात ते स्टीमॲप्स हे फोल्डर त्यातून वगळा. नाहीतर बॅकअपची डिस्क गेम्सनीच भरून जाते.

पैसे भरण्याचं थोडक्यात. स्टीम आणि ॲपल दोघांकडे किंमत रुपयांत आहे. जिथे डॉलरमध्ये भरावं लागेल तिथे कार्डावर परकीय चलनाचा आकार बसतो, बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्क्यांपर्यंत, आणि त्या आकारावर जीएसटी. सेलमधली सूट मोजताना तो धरा.

राहिला परतावा, आणि इथे मुंबईच्या हवेचा थेट संबंध येतो. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. एपिकची अटही जवळपास तशीच. जीओजीवर ३० दिवस, खेळून बघितला असला तरी. ॲपलकडे ‘रिपोर्ट अ प्रॉब्लेम’ या पानावर अर्ज करायचा आणि निर्णयाची वाट बघायची. खेळून बघण्याचा ठरावीक अवधी असा नाही. मात्र तिथले काही मोठे गेम्स सुरुवातीचा भाग फुकट खेळू देतात, तो आधी खेळा.

स्टीमचे दोन तास जपून वापरावे लागतात. पहिल्यांदा गेम उघडल्यावर शेडर (चित्रं रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होत असतात, तो वेळही त्यातच मोजला जातो. गेम तसाच उघडा ठेवून जेवायला गेलात तर तोही. आणि मॅकबुक एअरला पंखा नसतो. पहिली दहा मिनिटं तो झकास चालतो, मग तापतो आणि स्वतःच वेग कमी करतो. एसीत बसून दहा मिनिटं बघून ‘चालतोय’ म्हणालात, तर मे महिन्यातल्या दुपारी पस्तावाल. म्हणून चाचणी तुम्ही नेहमी जिथे आणि ज्या वेळी खेळता तिथेच, त्याच वेळी घ्या. चार्जर लावा, बाहेरचा मॉनिटर वापरत असाल तर तोही जोडा, कारण त्याने भार वाढतो. सलग चाळीस मिनिटं खेळा, आणि पहिली पाच व शेवटची पाच मिनिटं यांत फ्रेम्सचा, म्हणजे दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांचा आकडा किती घसरला ते लिहून ठेवा. स्टीमच्या सेटिंग्जमध्ये इन-गेम विभागात तो आकडा पडद्यावर दाखवण्याची सोय आहे. ६० वरून ४५ वर आला तर ग्राफिक्स एक पायरी खाली आणून पुन्हा वीस मिनिटं बघा. तरीही घसरत असेल तर दोन तास संपण्याआधी गेम बंद करा आणि त्याच दिवशी परताव्याचा अर्ज भरा.