वऱ्हाडची गाठ, मुंबईची गोदी

[दृश्य: मूर्तिजापूर स्थानक, सकाळ. गवतात बुडालेले अरुंद रूळ.]

मूर्तिजापूर स्थानकावर मुंबईहून नागपूरकडे जाणारी गाडी थांबते, तेव्हा खिडकीतून बाहेर पाहणाऱ्याला मुख्य मार्गाच्या कडेला आणखी दोन रूळ दिसतात. त्यांच्यामधले अंतर अवघे ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट आहे. एक फाटा ७६ किलोमीटरवरच्या अचलपूरला जातो आणि दुसरा कारंजा, दारव्हा करत ११३ किलोमीटरवरच्या यवतमाळला पोहोचतो. शकुंतला या लाडक्या नावाने ओळखली जाणारी ही गाडी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात एका खासगी कंपनीने सुरू केली. १९२१ साली मँचेस्टरमध्ये घडलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावत होते.

समुद्र इथून सहाशे किलोमीटरांच्या आसपास दूर आहे. तरीही बंदराच्या काठाविषयीच्या या माहितीपटाची सुरुवात आम्ही मूर्तिजापुरातून करत आहोत, कारण हे रूळ मुळात वऱ्हाडातला कापूस मुंबईच्या गोदीपर्यंत लवकर पोहोचावा म्हणून टाकले गेले. मुंबईच्या पूर्व किनाऱ्याचे पुढे काय करायचे, याची चर्चा गेली दहा वर्षे वास्तुरचनाकार, बांधकाम व्यावसायिक आणि अधिकारी करत आले आहेत. त्या चर्चेत पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, लावणाऱ्याचा काय संबंध, असे कोणी विचारले तर त्याला आधी हे यार्ड दाखवावे.

[दृश्य: जिनिंगचे आवार. सरकी वेगळी होते आहे, प्रेसमधून गाठ बाहेर पडते आहे.]

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वऱ्हाडचा कापूस लमाणांच्या तांड्यांतील बैलांच्या पाठीवरून गंगाकाठच्या मिर्झापूरला जात असे. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला, १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तिकडचा कापूस थांबताच इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांनी डोळे हिंदुस्थानकडे वळवले. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली, १८७० मध्ये खामगावला स्वतंत्र फाटा मिळाला आणि त्यानंतर अमरावतीही बडनेऱ्याशी जोडली गेली. लिव्हरपूलच्या कापूस बाजारात भाव पुकारला जाई तेव्हा इकडच्या मालाला ‘ऊमरा’ म्हणत असत. ऊमरा म्हणजे उमरावती, म्हणजे आपली अमरावती. ज्या शहरात इथला शेतकरी कधी गेला नाही, तिथल्या फळ्यावर त्याच्या जिल्ह्याचे नाव रोज खडूने लिहिले जात होते. आजही रुईचा, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा, भाव खंडीवर, म्हणजे ३५६ किलोंवर सांगितला जातो, तो त्याच जुन्या मुंबईच्या मापाचा अवशेष आहे.

[दृश्य: कॉटन ग्रीन, मुंबई. बंद गोदामांच्या रांगा.]

मुंबईत या गाठींना जागा लागत होती. आज जिथे हॉर्निमन सर्कल आहे, तिथल्या मोकळ्या हिरवळीवर पूर्वी कापसाचे ढीग लागत. १८४४ मध्ये हा व्यापार कुलाब्याला हलवण्यात आला आणि १९२० च्या दशकात तो शिवडीला आला. हिरवळ मागे राहिली, पण नाव मात्र सोबत आले. म्हणूनच हार्बर मार्गावरच्या ज्या स्थानकाच्या परिसरात गवताचे पाते शोधावे लागते, त्याला कॉटन ग्रीन म्हणतात.

मुंबई पोर्ट ट्रस्टची स्थापना १८७३ साली झाली. १८७५ मध्ये ससून डॉक, १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक, १८८८ मध्ये व्हिक्टोरिया डॉक आणि १९१४ मध्ये आजचा इंदिरा डॉक, अशा गोद्या एकामागून एक बांधल्या गेल्या. मुंबईला भरती आणि ओहोटीच्या पातळीत पाच मीटरांपर्यंत फरक पडतो. जहाज सदैव पाण्यावर तरंगते राहावे, यासाठी दरवाजे लावून पाणी आत कोंडून ठेवणाऱ्या गोद्या आवश्यक होत्या. त्यांच्या मागे भराव टाकून तयार केलेल्या जमिनीवर कोळसा बंदर, लकडी बंदर, दारूखाना अशा वस्त्या उभ्या राहिल्या आणि नावावरूनच तिथे काय उतरत होते, हे कळते. इंदिरा डॉक खोदताना निघालेल्या मातीवर वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांच्या आराखड्यानुसार बॅलार्ड इस्टेट उभारले गेले. दगडी, एकसारख्या उंचीच्या, देखण्या इमारतींचा हा भाग केवळ कचेऱ्यांसाठी रचलेला होता, आणि त्याची फळे आजही दिसतात: संध्याकाळी कर्मचारी घरी गेले की हे सुंदर रस्ते ओस पडतात.

गोदीच्या ऱ्हासाचे कारण थोडक्यात सांगता येते. गाठी, पोती आणि पिंपे माथाड्यांच्या पाठीवरून उतरण्याऐवजी लोखंडी कंटेनरमधून येऊ लागली, जहाजे मोठी झाली आणि जुन्या गोद्यांचे दरवाजे त्यांना अरुंद पडले. १९८९ मध्ये खाडीपलीकडे न्हावा शेवा बंदर सुरू झाले आणि कंटेनरचा व्यवहार तिकडे गेला. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या गोद्या पुढे बुजवण्यात आल्या. जगातील बहुतेक जुन्या बंदरांची हीच कहाणी आहे.

मागे उरली ती जमीन. मुंबई बंदराच्या ताब्यात सुमारे १८०० एकर जमीन आहे, ती बेटावरच्या शहराचा जवळपास आठवा हिस्सा भरते, आणि तिच्या भिंतींमुळे शिवडी, माझगाव, वडाळ्याच्या रहिवाशांना समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही दिसत नाही. २०१४ मध्ये केंद्र सरकारने या जमिनीचे काय करायचे हे सुचवण्यासाठी राणी जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि २०१८ च्या अखेरीस विकास आराखड्याचा मसुदा जाहीर झाला.

[दृश्य: कारंजा येथील जुनी बाजारपेठ. खाली दुकान, वर माडी.]

अशा आराखड्यांत एक शब्द हमखास येतो, तो म्हणजे मिश्र वापर. एकाच इमारतीत किंवा एकाच गल्लीत दुकाने, कचेऱ्या, घरे, शाळा आणि करमणुकीच्या जागा एकत्र असाव्यात, असा त्याचा अर्थ आहे. विदर्भातल्या जुन्या बाजारपेठांत वाढलेल्या माणसाला हा शब्द नवा असला तरी वस्तू नवी नाही. रस्त्याकडे पेढी, मागे वखार, वर माडीत कुटुंब आणि ओट्यावर बसलेले आजोबा, ही रचना कारंजा, खामगाव किंवा अमरावतीच्या जुन्या पेठांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. विसाव्या शतकातील नगररचनेने नकाशावर रंग भरून निवासी, व्यापारी आणि औद्योगिक असे विभाग वेगळे केले. त्यामुळे धूर घरापासून दूर गेला हे खरे, पण रस्ता अर्धा दिवस रिकामाही राहू लागला. आज मिश्र वापराच्या नावाखाली जे नवे म्हणून सांगितले जाते, ते पुष्कळसे ओट्यावरच्या आजोबांना परत आणण्यासारखेच आहे.

हे काम प्रत्यक्षात कसे होते, ते पाहण्यासाठी आपण ऊमरा कापूस जिथे उतरत असे त्या लिव्हरपूलला जाऊ.

[दृश्य: लिव्हरपूल. अल्बर्ट डॉकचे विटांचे खांब, पाण्यातले प्रतिबिंब.]

मर्सी नदीच्या मुखाशी भरती-ओहोटीचा फरक मुंबईच्या जवळपास दुप्पट होतो. म्हणूनच व्यापारी जहाजांसाठी दरवाजे असलेली जगातली पहिली बंदिस्त गोदी १७१५ साली इथे सुरू झाली. अल्बर्ट डॉक १८४६ चा. त्याचे अभियंते जेसी हार्टली यांनी आगीच्या भीतीने इमारतीच्या सांगाड्यात लाकूड वापरले नाही. लोखंड, विटा आणि दगड यांवर ही गोदामे उभी आहेत. कापसाच्या गाठींचे ढीग ज्याने पाहिले आहेत, त्याला ही भीती समजावून सांगावी लागत नाही.

१९७२ मध्ये ही गोदी बंद झाली आणि गाळाने भरली. १९८१ मध्ये सरकारने स्वतंत्र विकास महामंडळ नेमले, गाळ काढला, भिंती दुरुस्त केल्या आणि १९८४ पासून गोदामे पुन्हा उघडू लागली. खाली दुकाने आणि उपाहारगृहे, वर कचेऱ्या आणि घरे, एका भागात सागरी संग्रहालय आणि १९८८ पासून टेट कलादालन असा वापर ठरला. इमारत पाडून नवी बांधण्यापेक्षा जुन्या इमारतीला नवे काम देणे इथे शक्य झाले, ते हार्टली यांनी मजले प्रशस्त आणि खांब भक्कम ठेवले होते म्हणून.

पुढची पायरी अधिक वादाची आहे. २००८ मध्ये गोदीच्या मागे लिव्हरपूल वन हा ४२ एकरांचा बाजार परिसर उघडला. छताखालचा बंदिस्त मॉल न बांधता त्यांनी उघडे रस्ते ठेवले, ते रस्ते जुन्या शहराच्या रस्त्यांना जोडले आणि १७१५ च्या गोदीचे जमिनीखाली सापडलेले अवशेष जपून लोकांना पाहता येतील अशी सोय केली. रचना म्हणून हे काम उत्तम आहे. मात्र ते रस्ते २५० वर्षांच्या भाडेपट्ट्यावर एका खासगी कंपनीकडे आहेत, आणि तिथे कोणी बसावे, कोणी गावे, कोणी घोषणा द्याव्यात हे ठरवण्यात त्या कंपनीच्या पहारेकऱ्यांचा शब्द मोठा असतो. आठवडी बाजारात ग्रामपंचायतीची पावती फाडून कोणालाही पाल मांडता येते. तेवढा अधिकार या देखण्या रस्त्यावर नाही. आणि त्यापुढे, उत्तरेच्या गोद्यांवर उंच इमारतींची योजना आणि एका बुजवलेल्या गोदीवर फुटबॉलचे मैदान मंजूर झाल्यावर, युनेस्कोने लिव्हरपूलच्या बंदरकाठाला २००४ मध्ये दिलेला जागतिक वारशाचा दर्जा २०२१ मध्ये काढून घेतला.

[दृश्य: हॅम्बर्ग. लाल विटांची गोदामे, मागे काचेचा लाटांसारखा माथा.]

जर्मनीतील हॅम्बर्ग हे शहर याच प्रश्नाला वेगळ्या बाजूने भिडले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे गोदामांचा श्पाइखरश्टाट हा परिसर बांधण्यासाठी सुमारे २० हजार रहिवाशांना उठवण्यात आले होते. वस्ती काढून केवळ माल ठेवायचा, असा तो एकाच वापराचा हुकूम होता. शंभर वर्षांनी त्याच्या शेजारच्या १५७ हेक्टरांवर हाफेनसिटी उभारताना शहराने रहिवाशांना पाण्याकाठी परत आणण्याचे ठरवले. या उलट्या प्रवासाची नोंद करावीशी वाटते, कारण आपणही आता गोदीकाठच्या वस्त्या हटवूनच आराखडा सुरू करण्याच्या बेतात असतो.

हाफेनसिटीत जमीन शहराच्या कंपनीकडे आहे आणि भूखंड केवळ सर्वाधिक बोलीवर विकला जात नाही. तिथे काय होणार, तळमजला कोणासाठी उघडा राहणार, याला गुण दिले जातात. नंतरच्या टप्प्यांत घरांपैकी सुमारे एक तृतीयांश घरे अनुदानित ठेवण्यात आली. पुराचा विचार तर रचनेतच मुरलेला आहे: इमारती आणि मुख्य रस्ते समुद्रसपाटीपासून सुमारे आठ मीटर उंच जोत्यावर आहेत, तर फिरण्याचा धक्का मुद्दाम खाली ठेवला आहे. वादळी भरतीत तो पाण्याखाली जातो आणि पाणी ओसरले की पुन्हा लोकांचा होतो. आपल्या नदीचा घाट वर्षानुवर्षे हेच करत आला आहे. कोको, चहा आणि तंबाखूच्या एका गोदामाच्या माथ्यावर बांधलेले एल्बफिलहार्मनी हे संगीतगृह २०१७ मध्ये उघडले. त्याचा खर्च आणि वेळ अंदाजाच्या कित्येक पट वाढला, तरी गोदाम आणि संगीतगृह यांच्या मधल्या मजल्यावरचा सज्जा सर्वांसाठी खुला आहे, आणि तिथून बंदर दिसते. गोदामाला मुकुट घालताना मधली पायरी सामान्य माणसासाठी राखली गेली, ही गोष्ट मला त्या काचेच्या माथ्यापेक्षा अधिक महत्त्वाची वाटते.

[दृश्य: भाऊचा धक्का. पहाट. टोपल्या, बर्फ, लाँच.]

मुंबईच्या काठावर मिश्र वापर आधीपासूनच आहे, फक्त तो नकाशात रंगवलेला नाही. पहाटे भाऊच्या धक्क्यावर मासळीचा लिलाव होतो, दिवसा तिथूनच रेवस आणि मोऱ्याच्या लाँच सुटतात, दारूखान्यात जहाजे तोडून लोखंड वेगळे केले जाते, शिवडीच्या चिखलात हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात आणि इंदिरा डॉकमध्ये आजही माल येतो. घरे, कचेऱ्या आणि उपाहारगृहे यांचे मिश्रण रचणे सोपे असते, कारण ते सारे भाडे देऊ शकतात. मासळी सुकवायला, होडी दुरुस्त करायला किंवा जाळे विणायला लागणारी जागा भाडे देऊ शकत नाही, आणि ती गेली की किनारा सुशोभित होतो, पण बंदर उरत नाही. कॉटन ग्रीनच्या गोदामांची छते उंच आणि खांब भक्कम आहेत. तिथे शाळा, कार्यशाळा, छोटी घरे आणि तळाशी बाजार बसू शकतात, आणि एक गोदाम कापसाच्या व्यापाराची नोंद ठेवणाऱ्या संग्रहालयाला देता येईल. त्या संग्रहालयात काय मांडावे, हे सांगायला वऱ्हाडातली माणसे लागतील.

[दृश्य: तालुक्याच्या गावातले बंद जिनिंग. पत्र्यावरून गळणारे पाणी, फलकावर ‘प्लॉट विकणे आहे’.]

विदर्भात हाच प्रश्न छोट्या आकारात प्रत्येक तालुक्यात उभा आहे. रेल्वेलगतची बंद पडलेली जिनिंग आणि प्रेसची आवारे तुकडे पाडून विकली जात आहेत. ज्या भिंतींमध्ये शेतकऱ्याच्या बंड्या रात्रभर रांगेत उभ्या राहत, तिथे एकसारख्या गाळ्यांच्या ओळी येत आहेत. दुसरीकडे, वर्धा जिल्ह्यातील सिंदी रेल्वे येथे जवाहरलाल नेहरू बंदराच्या, म्हणजे न्हावा शेवाच्या, पुढाकाराने ड्राय पोर्ट, म्हणजे समुद्रापासून दूरचे कोरडे बंदर, आखले गेले. एकेकाळी गाठ बंदराकडे जात होती. आता सीमाशुल्काची तपासणी आणि कंटेनर सहाशे-सातशे किलोमीटर आत, तुरीच्या आणि कपाशीच्या शेतांमध्ये येऊ पाहत आहेत. त्या आवाराभोवती केवळ ट्रकचे तळ आणि पत्र्याची गोदामे उठणार, की कामगारांची घरे, खानावळ, शाळा आणि बाजार असलेली पेठ बसणार, हे ठरवण्याची वेळ अजून गेलेली नाही.

[दृश्य: प्रेसमधून बाहेर आलेली गाठ. कामगार तिच्यावर शाईने आकडे उमटवतो आहे.]

जिनिंगमध्ये हंगाम सुरू आहे. १७० किलोंची गाठ पट्ट्यांनी आवळली जाते, तिच्या अंगावर क्रमांक आणि वजन उमटते, आणि दोन माणसे ती ट्रककडे लोटत नेतात. मूर्तिजापूरच्या अरुंद रुळांशेजारून हा ट्रक जातो तेव्हा फाटक उघडेच असते.