झेंडीवाला दिसण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

सिंहस्थ जवळ आला की नाशिकमध्ये रस्ते खोदले जाणार, हे आपण गृहीतच धरतो. २०१५ ला हेच झालं, आता २०२७ च्या आधीही तेच. धूळ, खोळंबा, वळसे याबद्दल आपण चहाच्या टपरीवर भरपूर बोलतो. आज जरा बॅरिकेडच्या पलीकडच्या माणसांबद्दल बोलू.

डांबरीकरण चालू असताना कधी नीट पाहिलंय का? पेव्हरमधून, म्हणजे डांबर-खडी पसरणाऱ्या यंत्रातून, पडणारा माल दीडशे अंशांच्या आसपास तापलेला असतो. तो निवायच्या आत पसरून त्यावर रोलर फिरवावा लागतो, नाहीतर रस्ता पहिल्याच पावसात उखडतो. त्यामुळे ‘गाडी जाऊ दे, मग करतो’ असं त्या लोकांना म्हणता येत नाही. कडेला फावडं घेऊन उभ्या असलेल्या बाईची पाठ तुमच्याकडे असते आणि नजर पायाखालच्या वाफाळत्या खडीवर. कानात रोलरची धडधड. तुमचा हॉर्न तिला ऐकू येतो तेव्हा तुम्ही अगदी अंगाजवळ आलेले असता, आणि दचकलेला माणूस कुठल्या बाजूला उडी मारेल याचा नेम नसतो. म्हणून तिथे हॉर्न वाजवून उपयोग नाही, वेगच कमी करायला हवा.

तोही कधी? ‘पुढे काम चालू आहे’ हा पहिला फलक दिसताक्षणी. आपण काय करतो, फलक वाचतो, शंकू बघतो आणि झेंडीवाला दिसला की ब्रेक दाबतो. तासाला ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. मोबाइलवर कोणाचा फोन आहे हे बघण्यात दोन सेकंद गेले, की ३३ मीटर रस्ता न बघता कापला. उलट वेग निम्मा केला, तर ब्रेक लागल्यावर गाडी थांबायला लागणारं अंतर चौथ्या हिश्श्यावर येतं. मुंबई-आग्रा महामार्गावर दोन लेनची एक होते तिथे शेवटच्या क्षणी नाक घुसवू नका. एक डावीकडची, एक उजवीकडची अशा गाड्या गेल्या तर रांग भराभर सरकते.

झेंडीवाल्याशी हुज्जत घालणारे तर जागोजागी भेटतात. ‘एकच गाडी आहे, जाऊ दे ना!’ त्याला पलीकडचं ठाऊक असतं, तुम्हाला नसतं. वळणाआड एखादा डंपर रिव्हर्स घेत असतो, किंवा समोरची वाहतूक नुकतीच सोडलेली असते. काही ठिकाणी रांगेतल्या शेवटच्या गाडीवाल्याकडे झेंडी देतात. ती पलीकडच्या माणसाच्या हातात पडली की मगच तिकडची रांग सुटते. मधेच कोणी घुसलं, तर हा सगळा हिशोब फिसकटतो.

रात्री काम चालू असेल तर अप्पर मारू नका, डिप्परवर या. तुमच्या प्रकाशाने झेंडीवाला आंधळा होतो. आणि दुचाकीवाल्यांनो, सुट्या खडीवर नुसता पुढचा ब्रेक दाबलात तर चाक निसटलंच. खडी लागायच्या आधी वेग उतरवा आणि हँडल सरळ धरा.

आता ठेकेदारांनाही दोन शब्द. काम संपून महिना झाला तरी ‘सावकाश’चा फलक तसाच उभा असतो. असे चार फलक खोटे निघाले की पाचव्यावर कोण विश्वास ठेवणार? आणि त्या पाचव्याच्या पुढे खरोखर माणसं असतात. फलक, शंकू, चमकणारी जॅकेटं ही मेहेरबानी नव्हे. रस्त्याचे सुरक्षा-निकष न पाळल्यामुळे कोणाचा जीव गेला किंवा अपंगत्व आलं, तर मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार ठेकेदाराला १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

राष्ट्रीय महामार्गावर विनाफलक खड्डा किंवा अंधारातलं बॅरिकेड दिसलं, तर गाडी सुरक्षित जागी बाजूला घेऊन १०३३ वर कळवा. अपघात झाला असेल तर ११२. सांगताना कुठून कुठे जात होतात ते आणि जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगा, म्हणजे जागा लवकर सापडते. नमस्कार.