धुक्यात अडकलेली बाटली

श्रोतेहो, नमस्कार. आजची गोष्ट बर्किट लिम्फोमाची, म्हणजे मुलांना होणाऱ्या, पांढऱ्या रक्तपेशींच्या एका कर्करोगाची.

1957 साली युगांडात, कंपालाच्या मुलागो रुग्णालयात, डेनिस बर्किट या आयरिश सर्जनना एक मूल दाखवलं गेलं. जबडा खालीवर, दोन्ही बाजूंनी सुजलेला, दात खिळखिळे. थोड्याच दिवसांत जिंजा गावी खिडकीतून सहज बाहेर पाहताना त्यांना तशाच सुजलेल्या चेहऱ्याचं दुसरं मूल दिसलं. तेव्हापासून त्यांना चैन पडेना. 1961 मध्ये दोन सहकाऱ्यांसह जुन्या मोटारीतून ते आफ्रिकेत सुमारे सोळा हजार किलोमीटर फिरले, गावोगावच्या दवाखान्यांत मुलांचे फोटो दाखवून विचारत राहिले, ‘असं मूल पाहिलंत का?’ उत्तरं जुळली. आजार होता तो उष्ण, पावसाच्या, मलेरियाच्या पट्ट्यात.

त्याच वर्षी लंडनमध्ये बर्किट यांचं व्याख्यान ऐकलेल्या अँथनी एपस्टाइन या संशोधकांना वाटलं, यामागे विषाणू असणार. कंपालाहून रुग्णांच्या गाठींचे तुकडे बाटल्यांतून, विमानानं लंडनला येऊ लागले. दोन वर्षं हाती काहीच लागेना. 1963 च्या हिवाळ्यात धुक्यामुळे एक विमान मँचेस्टरला वळलं. बाटली उशिरा पोचली, आतलं पाणी गढूळ. नासलं म्हणून कुणीही ओतून दिलं असतं. एपस्टाइननी आधी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. जंतू नव्हतेच, गाठीतून सुटलेल्या जिवंत पेशी तरंगत होत्या! त्या वाढवल्या, आणि फेब्रुवारी 1964 मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात विषाणू दिसला. एपस्टाइननी यंत्र बंद केलं आणि ते बाहेर बर्फात एक फेरी मारून आले. त्यांच्या सहकारी इव्हॉन बार यांचंही नाव जोडून तो एपस्टाइन-बार विषाणू झाला. कांजिण्यांचा विषाणू याच कुळातला.

आता घाबरू नका. जगातल्या दहातल्या नऊ प्रौढांच्या शरीरात हा विषाणू मुक्कामाला असतो, लाळेतून आलेला, बहुधा आयुष्यभर गप्प. तो एकटा कर्करोग करत नाही. आफ्रिकेतल्या त्या मुलांना मलेरिया पुन्हापुन्हा होतो, त्यानं विषाणूवरचा पहारा ढिला पडतो, बी पेशी (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) भराभर वाढतात, आणि त्या धांदलीत एखाद्या पेशीत गुणसूत्रांचे तुकडे चुकीच्या जागी जोडले जातात. वाढीचा लगामच सुटतो. हा आजार रुग्णाजवळ बसल्यानं लागत नाही, हे मला अगदी जोर देऊन सांगायचंय. आजारी मुलाला दूर ठेवू नका.

ही गाठ दोन-एक दिवसांत दुप्पट होऊ शकते. पण भराभर विभागणाऱ्या पेशींवरच केमोथेरपीचा घाव नेमका बसतो. बर्किटनी औषध दिलेल्या काही मुलांचे जबडे थोड्याच दिवसांत ओसरलेले पाहिले होते. आज वेळेवर पूर्ण उपचार मिळालेली बहुतेक मुलं बरी होतात.