चमकली म्हणजे सापडली, असं नाही
(सोलापुरात जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

सिव्हिलमधल्या एआरटी केंद्राचा, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं देणाऱ्या केंद्राचा, कागद तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. त्यावर सीडी४ लिहून पुढे आकडा असतो. सीडी४ हा रिसेप्टर, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरचा एक रेणू; तो असलेल्या मदतनीस टी पेशींचा, म्हणजे शरीराचं रक्षण करणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा, हा आकडा. निरोगी प्रौढाच्या एका घनमिलिमीटर रक्तात या पेशी साधारण ५०० ते १५०० असतात. एचआयव्हीच्या रुग्णात त्या २०० च्या खाली गेल्या की एड्सची अवस्था मानतात. आपल्याकडे २०१७ पासून आकडा कितीही असो, निदान झालं की औषध सुरू होतं. तरी रुग्ण किती खालावलाय हे कळायला तो लागतोच.

हा आकडा येतो कसा? सूक्ष्मदर्शकाखाली मदतनीस टी पेशी आणि मारेकरी टी पेशी सारख्याच दिसतात. फरक पृष्ठभागावरच्या रिसेप्टरमध्ये. म्हणून त्या रिसेप्टरला चिकटणारी अँटिबॉडी घ्यायची, तिला चमकणारा रंग जोडलेला असतो, ती रक्तात मिसळायची आणि फ्लो सायटोमीटरमध्ये पेशी एकामागून एक लेसरसमोरून न्यायच्या. ४८८ नॅनोमीटरच्या निळ्या लेसरखाली एफआयटीसी हा रंग हिरवा चमकतो. पीई पिवळसर नारिंगी. हे मुळात लाल शेवाळातलं प्रथिन. रंग लावलेल्या अँटिबॉडीची युक्ती अल्बर्ट कून्स यांची, १९४० च्या सुमाराची. पण हवी तितकी, दरवेळी अगदी तीच अँटिबॉडी मिळण्याची वाट कोहलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये मोकळी केली.

इथवर पुस्तकात असतं. आता पुस्तकात दोन ओळींत उरकतात ते सांगतो.

सीडी४ फक्त टी पेशींवर नसतो. मोनोसाइट या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींवरही थोडा असतो. नुसत्या सीडी४ वर मोजलंत तर मोनोसाइट हळूच आत शिरतात, म्हणून सोबत टी पेशींची खूण असलेला सीडी३ लावायचा. बरं, त्याच मोनोसाइटवर एफसी रिसेप्टर असतात, ते अँटिबॉडीची शेपटी पकडतात. म्हणजे तुम्हाला हवा तो रिसेप्टर नसतानाही पेशी चमकते! आधी हे एफसी रिसेप्टर अडवणारा एफसी ब्लॉक घाला, मग अँटिबॉडी. मेलेल्या पेशींचं तर विचारूच नका, त्यांना काहीही चिकटतं. त्या वेगळ्या काढायला मृत पेशींत शिरणारा रंग असतो. तो बऱ्याच जणांना अनावश्यक खर्च वाटतो, मला अजिबात वाटत नाही.

मग एका रंगाचा उजेड दुसऱ्याच्या डिटेक्टरमध्ये सांडतो. चादरीच्या गावात सांगायला नको, कच्चा रंग शेजारच्या सुताला लागतोच. तिथे तो डोळ्यांना दिसतो, इथे आकड्यांतून वजा करावा लागतो. त्यासाठी प्रत्येक रंगाची स्वतंत्र ट्यूब लावायची. आणि ‘होय’ आणि ‘नाही’ यांच्यामधली रेघ आखताना एक रंग सोडून बाकी सगळे घातलेली ट्यूब हवी. नुसत्या आयसोटाइप कंट्रोलवर, म्हणजे त्याच जातीच्या पण हव्या त्या रिसेप्टरला न ओळखणाऱ्या अँटिबॉडीवर, रेघ मारायची जुनी सवय मला पटत नाही. त्या अँटिबॉडीचा चिकटपणा वेगळा, तिच्यावरच्या रंगाचं प्रमाण वेगळं, आणि हा सांडलेला उजेड तर ती दाखवतच नाही.

टँडम, म्हणजे दोन रंग जोडून केलेल्या, रंगांना मात्र सगळ्यात जपा. पीई-साय७ मध्ये पीई उजेड घेतो आणि साय७ ला देतो. उजेडात, उष्म्यात ही जोडी मोडते. मग पीई स्वतःच्याच रंगात चमकू लागतो, आणि पेशीवर नसलेला रिसेप्टर कागदावर उमटतो. एप्रिलात आपल्याकडे बाटली टेबलावर विसरलात की काय होईल, बघा. फॉइलमध्ये गुंडाळा, चार अंशांवर ठेवा. आणि जास्त जपायच्या नादात फ्रीझरमध्ये टाकू नका, पीई गोठलं की वाया गेलं.

एका विद्यार्थिनीनं मघाशी चिठ्ठी पाठवली: सगळं बर्फावरच का करायचं? कारण ऊब मिळाली की पेशी अँटिबॉडी चिकटलेला रिसेप्टर आत ओढून घेते. पण सीसीआर७ सारखे काही केमोकाइन रिसेप्टर, म्हणजे पेशींना वाट दाखवणाऱ्या केमोकाइन प्रथिनांचे रिसेप्टर, उलटे वागतात. ते पृष्ठभागावरून आत-बाहेर फिरत असतात, त्यामुळे ३७ अंशांवर ठेवल्यास जास्त उजळ दिसतात. तेव्हा असा रिसेप्टर नव्यानं हाताळताना एक ट्यूब बर्फावर आणि एक ३७ अंशांवर लावा, आणि कुठली अँटिबॉडी किती घालायची हेही त्याच दिवशी पातळ करत करत ठरवून टाका.